फौजदाराचं ऊन

३ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. बेट एवढंसं आहे की इकडे शिंकलं तर पलीकडच्या टोकाला ऐकू जावं. हवामान केंद्रात आम्ही तिघं माणसं, एक जनरेटर आणि अखंड वारा. फोन फक्त वादळाच्या सूचनांसाठी. टपालाची बोट आठवड्यातून एकदा येते, तीही समुद्राची मर्जी असेल तर. तेव्हा आपल्याला भांडायचं असलं तरी पत्रानेच भांडावं लागणार.

माझा जीव फौजदारात अडकला आहे. तुम्ही हसाल. पण सरडा झाला म्हणून काय झालं, चार वर्षं माझ्या खोलीत राहिलाय तो. निघायच्या गडबडीत त्याची यूव्हीबी ट्यूब माझ्याच हातून फुटली आणि नवी आणायचं काम तुमच्या गळ्यात टाकून मी आले, म्हणून पुन्हा नीट लिहिते. पेटीत जो गोल दिवा आहे तो फक्त ऊब देतो. ही ट्यूब वेगळी. उन्हात जे न दिसणारे किरण असतात ते ती देते. ते मिळाले नाहीत तर फौजदाराने कितीही खाल्लं तरी कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात आणि असे प्राणी हळूहळू मरतात.

ट्यूब लांब आणि सरळ घ्या, पेटीच्या निम्म्याहून मोठी. पिळाचा छोटा बल्ब नको. वाळवंटी सरड्यासाठी, असं खोक्यावर लिहिलेलं बघून घ्या. त्याच्या पाठीपासून दीड वितीवर राहील अशी पेटीच्या वर टांगा. सकाळी लावायची, संध्याकाळी बंद करायची. एका कोपऱ्यात सावली ठेवा, म्हणजे नको वाटलं की तो तिकडे सरकेल.

आईची तब्येत बरी असेलच. तिला सांगा, फौजदाराच्या खाऊच्या रातकिड्यांच्या डब्याचं झाकण उघडू नको.

लोभ आहेच, त्यातला थोडा फौजदारालाही द्यावा.

आपली,
ठकी

---

२० सप्टेंबर

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आधी दुकानात वाचलं, मग घरी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आईसाठी अर्धी ओळ आणि सरड्यासाठी दीड पान, मुलगी अगदी बापावर गेली आहे. यात माझा काय संबंध ते मला कळलं नाही.

तुझी ती ट्यूब इथल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळत नाही. दुकानदाराने एक निळा बल्ब पुढे केला. म्हणाला, याने सरड्यांना चांदण्यात बसल्यासारखं वाटतं. मी त्याला म्हटलं, फौजदार काय कविता करणार आहे? आणि परत आलो. मग आपल्याच दुकानातली चार फुटी पांढरी ट्यूब काढून बसवली. असा लख्ख उजेड पडलाय की पहिल्या दिवशी आईने तिथे बसून सुईत दोरा ओवला. तू काळजी सोड. माझी हयात काचा आणि आरसे बसवण्यात गेली, उजेडातलं थोडंफार मलाही कळतं.

रातकिड्यांचा डबा उघडला गेला. कोणाकडून ते विचारू नकोस. आई दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती, आणि त्या खोलीत पाय ठेवणार नाही अशी तिने शपथ घेतली आहे.

खाण्यापिण्याची आबाळ करू नकोस. आमची माया तुझ्या पाठीशी आहे.

तुझे,
बाबा

---

११ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. बाबा, तुमची ट्यूब आईच्या सुईला उत्तम आणि फौजदाराला शून्य! उजेड लख्ख पडला म्हणजे यूव्हीबी मिळतं असं नाही. ते डोळ्यांना दिसतच नाही. मी सरळ साधं एका वस्तूचं नाव लिहिलं होतं, त्या जागी दुसरीच वस्तू आणून वर मला काळजी सोड म्हणता! आईने दुधासाठी पाठवलं तर भिंतीला लावायची चुनकळी घेऊन याल का, तीही पांढरीच असते?

आता असं करा. माझा तो मित्र, ज्याला तुम्ही सरडेवाला म्हणता, त्याला फोन करा. त्याच्याकडे तीसेक सरडे आहेत. त्याच्याकडून ट्यूब घ्या, ती बसवायच्या पत्र्याच्या पट्टीसकट, आणि डोकं न चालवता तो सांगेल तशी पेटीच्या जाळीवर ठेवा. यातलं काहीही स्वतःच्या मनाने सुधारू नका. हात जोडून सांगते.

जास्त बोलले असेन तर पोटात घाला.

आपली,
ठकी

---

६ डिसेंबर

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उशीर झाला खरा. एका नव्या हॉटेलाच्या सगळ्या खोल्यांचे आरसे होते, मान वर करायला फुरसत नव्हती. पण तुझं काम तेव्हाच केलं. सरडेवाल्याकडून ट्यूब आणली, टेपने मोजून दीड वितीवर टांगली, सकाळी लावतो, संध्याकाळी बंद करतो. एकदाही चुकलो नाही. चुनकळीचं वाचून आई इतकी हसली की मला राग आला.

मात्र हल्ली फौजदार रजेवर गेल्यासारखा पडून असतो. पूर्वी गळ्याखालची काटेरी दाढी फुगवून माझ्यावर डोळे वटारायचा, आता रातकिडा नाकासमोरून गेला तरी बघत नाही. पायाची बोटं थरथरतात. थंडी असेल. आई म्हणते, त्याचा मागचा उजवा पाय वाकडा दिसतो. मी म्हटलं, तो पहिल्यापासून तसाच ऐटीत उभा राहतो. (खोलीत पाय ठेवणार नाही म्हणालेली बाई उंबऱ्यावर उभी राहून हे सगळं बघते, हेही लिहून ठेवतो.)

एक गोष्ट तू आल्यावर दाखवून तुला चकित करणार होतो, पण राहवत नाही. पेटीवरची ती कोंबड्यांच्या खुराड्यासारखी जाळी मी तू गेल्यावर आठवड्याभरात काढून टाकली. काचवाल्याच्या घरात जाळी, लोक काय म्हणतील? तिच्या जागी पाच मिलिमीटरची एकसंध काच बसवली. कडा घासून गुळगुळीत केल्या, हवेसाठी कडेने भोकं पाडली. भोकं पाडताना काच तडकू न देणं म्हणजे काय असतं ते तुला माहीत आहे. ट्यूब तिच्यावर अशी शोभते! खाली फौजदार राजासारखा दिसतो. रोज पुसतो मी ती.

इकडची काळजी नसावी. आमची आठवण ठेव.

तुझे,
बाबा

---

२२ डिसेंबर

बाबा,

नमस्कार वगैरे समजून घ्या. ती काच काढा. हे पत्र बाजूला ठेवा, आधी काच काढा, मग पुढचं वाचा.

काचेतून यूव्हीबी जात नाही! उजेड जातो, ऊब जाते, हे किरण जात नाहीत. तुम्ही काच कितीही लख्ख पुसलीत तरी ती त्यांना अडवणारच. म्हणजे फौजदार तीन महिन्यांहून जास्त काळ अंधारात बसलाय, त्यातला निम्म्याहून जास्त काळ चांगल्या ट्यूबखाली. थरथरणारी बोटं थंडीने नाहीत आणि पाय ऐटीने वाकलेला नाही. हाडं मऊ पडली आहेत त्याची.

मी इथे रोज काय मोजते माहीत आहे? ऊन. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, यंत्राने. आणि माझ्या घरी माझा सरडा उन्हावाचून मरतोय. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी साहेबांकडे एक फोन मागितला. ते म्हणाले, सरड्याचा पाय वादळात मोडत नाही. पुढची बोट हवेमुळे आलीच नाही. हे पत्र हातात घेऊन आठवडाभर किनाऱ्याकडे बघत बसले आहे.

मी सगळं लिहिलं होतं, बाबा. फक्त काच घालू नका एवढं लिहिलं नाही, कारण जाळी काढून तिथे काच बसवायची बुद्धी जगात कोणाला होईल असं मला वाटलंच नाही. तुम्हाला झाली. त्याला ताबडतोब प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या.

ठकी

---

९ जानेवारी

चि. ठकीस,
आशीर्वाद.

काच काढली. पत्र दुकानात मिळालं, दुसरी ओळ वाचली आणि गिऱ्हाइकाला तसंच उभं ठेवून घरी आलो. जाळी माळ्यावरून आईने काढून दिली.

डॉक्टरांकडे नेलं. हाडांचा फोटो काढला. हाडं पातळ झाली आहेत, मागचा पाय आतून चिरला आहे, जबडा दाबला तर दबतो. तोंडातून द्यायचं औषध दिलंय. जगेल का विचारलं तर म्हणाले, आता काही सांगत नाही, महिनाभर बघू. ट्यूब आहेच, शिवाय सकाळचं कोवळं ऊन द्या म्हणाले. मी विचारलं, पेटी खिडकीत ठेवू का? तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पैसे देऊन निघालोच. खिडकीलाही काच असते हे मला घरी येताना उमगलं.

ठके, जन्मभर मी लोकांना सांगत आलो की चांगली काच म्हणजे जी काहीच अडवत नाही ती. कोणी कधी परत येऊन म्हटलं नाही की अडवते. फार वाईट वाटतं आहे. पण तू सांगितलेलं एक ना एक करूनही हे झालं, याचा संतापही येतो, आणि तो काढायला समोर कोणी नाही. आईवर काढला तर ती जास्त ऐकवते.

तुझे,
बाबा

---

२४ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न.

संताप तुम्हाला येतो? छान. मग मला काय यावं?

मी ठरवलं आहे. सरडेवाल्याला याच बोटीने पत्र पाठवते आहे. तो एखाद्या रविवारी येईल आणि फौजदाराला घेऊन जाईल. जगला तर त्याच्याकडेच राहील. औषध, ट्यूब, मोजमाप, सगळं तो बघेल. तुम्ही काही सुधारायला जाऊ नका आणि त्याच्याशी वाद घालू नका.

तुम्ही मुद्दाम केलं नाही, हे मला कळतं. पण प्रत्येक वेळी सांगितलेलं सोडून दुसरंच काहीतरी, आणि वर त्याचा अभिमान! तुमच्या हाती जिवंत काही देऊ नये, बाबा. काचाच बऱ्या.

आपली,
ठकी

---

१४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
आशीर्वाद.

हे पत्र आईचं आहे. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

तुझं पत्र यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीसकट. मग घडी घालून ठेवलं आणि जेवायला बसले.  

महिनाभर रोज सकाळी फौजदाराला टॉवेलवर घेऊन मागच्या पायरीवर बसतात. ऊन चढेपर्यंत उठत नाहीत. दुकान उशिरा उघडतं, गिऱ्हाइकं फुटक्या तावदानांसाठी घरी येऊन मला बोलतात. रातकिडे मीच भरवते, चिमट्याने. किळस येते, पण यांना धड पकडता येत नाहीत, सगळे हातातून निसटतात.

परवाच्या रविवारी सरडेवाला आला. किरण मोजायचं यंत्र होतं त्याच्याकडे. ट्यूबखाली धरलं तर आकडा आला, मध्ये काच धरली तर शून्य. यांनी त्याला पुन्हा धरायला लावलं, मग काच उचलून गच्चीवर ठेवून आले. सरडेवाल्याने फौजदाराला तपासलं. जबडा घट्ट झालाय, पाय थोडा वाकडा राहील, पण जगेल म्हणाला. तेवढ्यात त्या ध्यानाने दाढी फुगवून त्याच्यावर डोळे वटारले. मग सरडेवाल्याने खोकं उघडलं. यांनी स्वतः टॉवेल आत अंथरला, औषधाची बाटली ठेवली, आणि म्हणाले, मुलगी म्हणते ते बरोबर आहे, घेऊन जा.

मी दारात आडवी उभी राहिले. त्या बिचाऱ्याला सांगितलं, चहा घे आणि रिकामं खोकं घेऊन जा. हे चिडले, तू मधे पडू नकोस म्हणाले. मी पडले.

आता तुला एक सांगते, जे आम्ही कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. तू चालायला लागलीस तेव्हा तुझे पाय धनुष्यासारखे वाकले होते. मुडदूस झाला होता तुला. तेव्हा आपण दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत राहायचो. डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, रोज उघड्यावर उन्हात न्या. यांनी तेव्हाही विचारलं होतं, दुकानाच्या काचेमागे ऊन छान येतं, तिथे बसवली तर? डॉक्टर नुसतंच नको म्हणाले. कारण सांगितलं असतं तर आज फौजदाराचा पाय वाकला नसता. पण कारण कळलं नाही म्हणून यांनी एक दिवसही कंटाळा केला नाही. रोज सकाळी दुकान बंद ठेवून तुला मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसायचे, तुझे पाय उन्हात धरून. तू लाथा मारायचीस. पाय सरळ झाले तरी पुढे कितीतरी दिवस नेत राहिले, न जाणो म्हणून.

त्या माणसाच्या हाती जिवंत काही देऊ नये असं तू लिहिलंस. लिहिलंस ते लिहिलंस, मला त्यावर वाद घालायचा नाही. फौजदार इथेच राहील.

सुट्टी मिळाली की घरी ये. बोटीतून उतरलीस की घराच्या चढावरून धावत येशील, नेहमीसारखी. तेव्हा जरा खाली बघ, किती सरळ पाय आहेत तुझे.

तुझी,
आई