उतारावरचा सुटा दगड

मुलुंड, रविवार

प्रिय मधुवंती,

पत्र बघून हसशील. चेंबूरला फोन लागत नाही का, म्हणशील. लागतो. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, लगेच "अगं जाऊ दे गं" सुरू करतेस.

आज टेकडीवर गेले होते. कॉलनीमागची आपली तीच अडीच किलोमीटरची फेरी. बत्तीस मिनिटं लागली. तू असताना अठ्ठावीस लागायची. आपल्या गटाची वेळ लावणाऱ्या जयवंतरावांनी घड्याळ बंद केलं आणि आधी तुझी चौकशी केली, मग माझी वेळ सांगितली. दर रविवारी हेच.

खरं सांगते, मला तुझा राग यायचा. टेकडीवर तुला मी आणलं. कॉलेजात खो-खोची कप्तान मी होते, तू मैदानाबाहेर आमच्या चपला सांभाळायचीस. साठीला टेकल्यावर बूट कुठले घ्यायचे, चढावर पावलं आखूड कशी टाकायची, सगळं मीच शिकवलं. आणि सहा महिन्यांत तू ओढणी कमरेला खोचून माझ्या पुढे निघून गेलीस. वर मागे वळून मायेने विचारलंस, "सुहास, दमलीस का गं?" त्या मायेनेच माझं डोकं फिरायचं. जयवंतराव सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, शिष्या भारी पडली हां तुम्हाला!" सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन पोहे करपवले.

फेरीचा नियमही माझाच. वाट अरुंद आहे, म्हणून पायाखाली दगड हलला की पुढच्याने मागच्यासाठी "सुटा!" असं ओरडायचं. जो विसरला त्याला मी तिथल्या तिथे झापलं आहे. तुलाही.

जानेवारीतल्या त्या रविवारी कितीतरी महिन्यांनी मी तुझ्या पुढे होते. काळ्या कातळाखालच्या उतारावर तुझा श्वास अगदी पाठीशी ऐकू येत होता. मग तू पडलीस. घोटा मोडला, प्लेट घातली, अस्मिता लेकीच्या हक्काने तुला चेंबूरला स्वतःच्या घरी घेऊन गेली. तिथे दगडांत घामाघूम होऊन पडलेली असताना तू मला म्हणालीस, "तू ओरडली असशील गं, मलाच ऐकू आलं नाही." मी तुझ्या बुटाची नाडी सोडत बसले.

काल अस्मिताचा फोन आला. म्हणाली, "घोटा बरा आहे, पण आई टेकडीचं नाव काढू देत नाही. कान गेले म्हणते. रस्ता ओलांडताना माझा दंड धरते. तपासणीत फारसं काही निघालं नाही तरी तिला पटत नाही, बुधवारी कानाचं मशीन बघायला जातोय."

मधू, बुधवारी जाऊ नकोस. तो दगड माझ्या पायाखाली हलला होता. मला कळलं होतं. शब्द तोंडात आला आणि मी तो गिळला. तू पडावीस असं वाटलं नव्हतं, पाऊल चुकून जरा मागे राहावीस एवढंच वाटलं. पण ते "एवढंच"ही काही थोडं नाही. तुझे कान चांगले आहेत. मी ओरडलेच नव्हते. हे पत्र अस्मितालाही वाचायला दे. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. टेकडी मात्र माझ्यापायी सोडू नकोस.

अजून म्हणू देणार असशील तर, तुझीच
सुहासिनी