डावी बाजू

रवि. १ फेब्रु.
आत्ताच घरी आलो. चहा सांडला. बायकोला काहीच सांगितलं न्हाई.

सकाळी सलीमनं शाळेची व्हॅन काढली. रविवारी पोरं नसतात. सलीम, मी आन मुरुडहून आलेला आमचा दोस्त विठ्ठल. नायगाव, बिलोली, आन पुढं ते दगडाचे डोंगर. माती न्हाईच. घराएवढाले गोल धोंडे एकावर एक, आत्ता पडतील असे. विठ्ठल नुसता फोटो काढून राहिला.

दरवेळी पुढं मी बसतो. बसलो की माझं 'येऊ दे, येऊ दे, साईड हाय' चालू. सलीम म्हणतो, आधी ट्रक चालवायचो, तीच सवय, क्लीनर बोलल्याबिगर गाडी चालवल्यासारखं वाटत न्हाई. लई हसतो आम्ही. आज विठ्ठलला मागं मळमळतं म्हणून तो पुढं. आन तो गप्पच.

एका वळणावर डावीकडं भला मोठा धोंडा, पार रस्त्याला चिकटून. सलीम सरळ त्याच्यावरच. मी मागून बोंबललो. आरसा गेला, दार चेपलं, विठ्ठलच्या मांडीवर काचा. वाचलो तिघं.

सलीम उतरला न्हाई. स्टेअरिंग धरून म्हणला, "विठ्ठल, तू बोलला का न्हाईस?"

मला एकदम उमगलं. पुढं होऊन त्याच्या डाव्या बाजूनं बोटं नाचवली. पापणी हलली न्हाई.

"शुगरनं गेला डोळा. दोन वर्षं झाली. कुणाला बोलू नको, बालाजी. व्हॅन गेली तर खायचं काय?"

दोन वर्षं! माझी पोरगी अनू रोज त्याच गाडीत शाळेला...

येताना गाडी विठ्ठलनं चालवली.

सोम. २
सकाळी दारात व्हॅनचा हॉर्न वाजला. अनूचं पोट दुखतंय म्हणून सलीमला खोटं सांगितलं. मग स्कूटरवर शाळेत सोडली. पोरगी शाळेतून आली तरी फुगलेली. संध्याकाळी विचारलं, झालं काय एवढं?

"आज माझा नंबर होता, बाबा. पुढं बसायचा. सलीमचाचाला 'येऊ दे, येऊ दे' म्हणायचा."

पहिलीतली पोर! रोज एका लेकराच्या डोळ्यांवर गाडी हाकून राहिला हा. लाज कशी वाटली न्हाई? लई शिव्या दिल्या मनात. मग आठवलं, अनू झाली तेव्हा नाल्याच्या पाण्यातून यानंच बायकोला दवाखान्यात पोचवलं होतं. नेमकं आजच आठवायचं होतं.

मंगळ. ३
अनूला घरी ठेवलं. मी आधीच रस्त्यावर जाऊन उभा. व्हॅन आली तर पुढच्या सीटवर कुणाचं तरी पोरगं, चेपलेल्या दाराला टेकून. त्याला मागं बसवलं, मी पुढं बसलो. शाळेपर्यंत 'येऊ दे' मीच म्हणलो. घसा कोरडा पडला.

पोरं उतरल्यावर म्हणलो, सलीम, चावी दे.

"तू दोस्त हायस का पोलीस?"

चावी सीटवर टाकली आन चालत निघून गेला. मागं वळला न्हाई. दुपारी पोरं मीच आणून सोडली, भीत भीत.

चावी खिशात हाय. बसलं की टोचते. उद्या सगळ्या आया मलाच विचारणार, सलीमभाई कुठं गेले. आजारी हाय म्हणलं तर परवा तो परत येतो. खरं सांगितलं तर त्याच्या घरी...

अनू दप्तर भरून राहिली. विचारते, "उद्या तरी माझा नंबर हाय ना, बाबा?"