तिसऱ्या कुंडीतलं मीठ

२ सप्टेंबर, वॉटर्लू

पोचले. विमानात शेजारच्या बाईनं चौदा तास स्वतःच्या गुडघ्यांचं पुराण लावलं होतं, तरी मी हसत उतरले. सहा वर्षांनी लेक दिसला. उल्हास पन्नाशीचा झालाय, पोट सुटलंय, कमरेला पट्टा आहे. गेल्या हिवाळ्यात दारातला बर्फ शोव्हल करताना कमरेत चमक भरली, ती अजून उतरली नाही म्हणे. मी म्हटलं, तुझी आई निपाणीत तंबाखूच्या शेतात जन्मभर ओणवी राहिली, तिची कंबर शाबूत, आणि तू खुर्चीत बसून पगार घेणारा, तुझी मोडली. तो हसला. हसतानाही हात कमरेला गेला.

घर झकास. नळाला चोवीस तास गरम पाणी. सूनबाई मृणालिनी पुण्याची; तिनं दारातच चपला कुठं काढायच्या ते सांगितलं, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे. नात जाई सोळा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत सांगते, आणि आमचं छान जमतं, कारण दोघींनाही दुसरीचं फारसं ऐकायचं नसतं. ही वही तिनंच दिली. म्हणाली, आज्जी, रोज लिही, नाहीतर यू विल गेट सो बोअर्ड. मी चौथी शिकलेली. तर लिहिते.

६ सप्टेंबर

खाली बेसमेंटमध्ये काळा तंबू उभा आहे, कपाटाएवढा. चेन उघडली तर आत दिव्याखाली कुंड्यांत चार झाडं. वासानंच ओळखलं. मी म्हटलं, मेल्या, गांजा लावलास? उल्हास म्हणाला, आई, इथं कायद्यानं चालतं, घरटी चार झाडं. कमरेला आणि झोपेला त्याचं तेल घेतो. मी म्हटलं, आमच्याकडं चार झाडांना पोलीस घरी येऊन चहा पिऊन गेले असते. मृणालिनी म्हणाली, आई, तुम्ही त्याला अजून चढवू नका, वास पार वरच्या बेडरूमपर्यंत येतो, दिवाळीला लोक येतील त्याच्या आत हे सगळं निघालं पाहिजे.

तंबूवर उल्हासनं कापणीच्या तयारीचा कागद चिकटवलाय. तुरे भरायला लागले की मोठी पानं काढणे. शेवटचे पंधरा दिवस खत बंद, नुसतं पाणी. शेवटचे दोन दिवस अंधार. मग कापणी. म्हणजे आधी सोलायचं, मग उपाशी ठेवायचं, मग आंधळं करायचं. तंबाखूला आम्ही एवढं छळलं नव्हतं. शेंडा खुडला, फुटवे काढले, झालं. पण काम हाताला ओळखीचं वाटलं. मी म्हटलं, आजपासून ही माझी. त्यालाही बरं वाटलं, वाकावं लागत नाही.

१५ सप्टेंबर

काल गणपतीला मंडळाची माणसं जेवायला होती. परीक्षित नावाचा एक नागपूरचा गडी उल्हासला म्हणाला, काय राव, तुझं घर बघा, बायको बघा, नोकरी बघा, आम्हाला कधी असं जमणार. आणि पुरणपोळी हातात घेऊन नुसता बघत राहिला. ते गेले आणि तासाभरात उल्हासची कंबर धरली. जमिनीवर पडून कुत्र्यासारखा विव्हळत होता.

मी दृष्ट काढली. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या. ओवाळून शेगडीवर टाकल्या तोच छताला लावलेला भोंगा किंचाळायला लागला. मृणालिनी टॉवेल घेऊन धावली. आई, फायर ब्रिगेड येईल, बंद करा हे. मिरच्या जळल्याच नाहीत. बरं, तिकाटण्यावर, तीन वाटा मिळतात तिथं, टाकून येते म्हटलं तर सूनबाई म्हणे, समोरच्या म्हातारीनं खिडकीतून बघितलं की झालं आपलं. ओवाळलेली वस्तू मुठीत. घरात ठेवायची नसते, खाली ठेवायची नसते. मी बेसमेंटमध्ये गेले आणि तिसऱ्या कुंडीत बोटानं खड्डा करून पुरली. माती ती माती, म्हटलं.

२४ सप्टेंबर

उल्हासनं पट्टा काढून टाकला. काल सायकल बाहेर काढली. मृणालिनी म्हणते नव्या फिजिओचा गुण. असू दे.

मिठानं झाडाची मुळं जळायला हवी होती. तिसरं झाड बाकीच्या तिन्हींपेक्षा हातभर वर गेलंय. बुडाशी मोहरी उगवलीय, दोन-दोन पानांची.

६ ऑक्टोबर

मोठी पानं काढायला घेतली. तुऱ्यांना उजेड मिळायला हवा. सुरुवात तिसऱ्यापासून, तेच जास्त माजलंय. टोपली भरली.

संध्याकाळी उल्हास न्हाणीतून बाहेर आला तो मुठीत केस घेऊन. उशीवर केस, कॉलरवर केस. जाई म्हणाली, बाबा, यू आर शेडिंग लाइक अ डॉग. सगळे हसले. मीही हसले. त्याच्या बापाचे केस सत्तरीत जाईपर्यंत घट्ट होते.

९ ऑक्टोबर

टक्कल. भुवया पण. डॉक्टर म्हणाले ताणामुळं होतं कधीकधी.

बाकीच्या तीन झाडांची पानं मी अजून काढलेली नाहीत. का काढली नाहीत ते लिहीत नाही.

२४ ऑक्टोबर

परवापासून खत बंद केलं, कागदावर लिहिल्याप्रमाणं. चारही कुंड्यांना नुसतं पाणी.

परवापासून उल्हास जेवलेला नाही. ताट बघून तोंड फिरवतो. भूक नाही म्हणतो, पाणी तेवढं दे. तांब्यावर तांब्या पाणी पितो. पिठलं केलं, त्याच्या आवडीचं. त्यानं वासही घेतला नाही.

२७ ऑक्टोबर

रक्त तपासलं, फोटो काढले. कशात काही नाही. सहा किलो उतरला.

मी खाली गेले. तिसऱ्या कुंडीत झाकणभर खत घातलं. फक्त तिसऱ्या. वर आले तर उल्हास फ्रिजपुढं उभा राहून कालचा भात हातानं खात होता, गार. मृणालिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आलं नाही. मी परत खाली गेले आणि त्याच झाडाचं एक पान नखानं चिमटलं, अगदी टोकाला.

वरून तो ओरडला, आई गं.

जिन्यात बसले थोडा वेळ. भीती वाटायला हवी होती. हातपाय दुसऱ्याचे असावेत तसं वाटत होतं, बाकी काही नाही. मग कुकर लावला.

२९ ऑक्टोबर

ओवाळलेलं बाहेर काढायला गेले. मी पुरलं, मीच काढीन. चमच्यानं माती उकरली. मिरच्या सापडल्या. तशाच लाल, ओल्या, आणि प्रत्येकीच्या आरपार मुळं गेलेली. एक सोडवायला लागले. बारीकसं मूळ तुटलं, दोऱ्याएवढं.

उल्हासच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. म्हणजे आहेत, पण सुई टोचली तरी कळत नाही. माती परत लोटली. हात धुतले.

१ नोव्हेंबर

मृणालिनीला सांगितलं. सगळं, दृष्टीपासून. तिनं शांतपणे ऐकलं, ती मोठी शांत बाई. म्हणाली, आई, तुम्ही दमला आहात, आम्ही सगळेच दमलोय, पण हे जाईच्या कानावर घालू नका. आणि मग म्हणाली, दिवाळी झाली की तुमचं परतीचं बघू या. मी म्हटलं, बघ. तोवर त्या झाडाला हात लावू नकोस. ती म्हणाली, रविवारी दिवाळी आहे, शनिवारी मी स्वतः चारही कापणार. उल्हासनंच सांगितलंय, दोन महिने राबून ठेवलंय आईनं, वाया जायला नको.

राबून ठेवलंय.

३ नोव्हेंबर

तिसरं झाड न कापता ठेवायचं, जन्मभर खत-पाणी घालायचं, असं ठरवलं होतं. ते होत नाही. तुरे पिकले. आज सगळ्यात जाड तुरा बोटानं उघडला तर आत राखाडी बुरशी. तंबाखूच्या गंजीत अशी लागली की आठवड्यात गंजी जाते.

उल्हास सकाळपासून खोकतोय. रुमालावर काय आलं ते बघितलं. राखाडी.

बुरशी लागलेला तुरा कापावा तर—
नाही कापला.

५ नोव्हेंबर

सकाळी वरून हाक आली. आई, दिवे का घालवले? खिडकीतून ऊन त्याच्या तोंडावर पडलेलं. डोळे उघडे.

खाली धावले. मृणालिनीनं तंबूचा दिवा बंद केलेला, कागद बघून. शेवटचे दोन दिवस अंधार. मी दिवा लावला. वर येईपर्यंत त्याला दिसायला लागलं होतं. म्हणाला, काय झालं कळलं नाही, आई. मी म्हटलं, मलाही नाही.

प्लगपाशी खुर्ची टाकून बसलेय. मृणालिनी येऊन बघून गेली. फोनवर कुणाला तरी सांगत होती, सासूबाईंचं आता काहीतरी—

६ नोव्हेंबर

बुरशी खोडापर्यंत. खोकला थांबत नाही.

न कापावं तर सडून जाईल. कापावं तर कापला जाईल. उद्या शनिवार.

एक गोष्ट आहे. दृष्ट काढलेली वस्तू वाटेत टाकतात ती का, तर दुसऱ्या कुणी ओलांडली की त्याच्या अंगावर जाते. आम्ही पोरी शाळेतून येताना वळसा घालायचो. ओलांडली तर आजी झोडायची.

इथं ती कुणी ओलांडलीच नाही. म्हणून त्याच्यावरच राहिली.

७ नोव्हेंबर, सकाळ

मृणालिनी आणि जाई दिवाळीच्या ग्रोसरीला गेल्या, उल्हास वर झोपलाय. तासभर लागेल. आल्यावर कापणार, कात्री धुऊन ठेवलीय तिनं.

कुंडी तंबूबाहेर ओढली. मुळाला धक्का न लावता वरची माती मूठभर घेतली, त्यातच मीठ, त्यातच ती मोहरी. जिन्याच्या पायरीपाशी जमिनीवर ठेवली. ओलांडली. गुडघा वर येत नव्हता, भिंत धरली. तीनदा ओलांडली.

काही झालं नाही. बसले.

एक बारकी फांदी कापून बघते—

कापली. वर आवाज नाही. कान लावून ऐकलं. नाही ओरडला.

माझी डावी करंगळी गेली. चावून बघितली. लाकूड. म्हणजे आलं इकडं.

बरं झालं. सत्त्याहत्तर पूर्ण झाली माझी. त्याला अजून गॅरेजचं दार दुरुस्त करायचंय.

मृणालिनीनं कापलं तर अर्धवट ठेवेल, बुरशीसकट. तिला काय कळतंय. माझं मीच कापते, नीट, वरून खाली.

दुसरी फांदी— डावा हात खांद्यापर्यंत. उजव्यानं लिहिता येतं. दुखत नाही. यात दुखणं नाहीच, नुसतं कमी होत जातं.

बुरशीचा तुरा काढला. छातीत घरघर— माझ्या. वरचा खोकला थांबला. खरंच थांबला, दोनदा ऐकलं.

डावी बाजू सगळी झाली— पाय कुठं आहे ते बघून कळतं

वर पावलं वाजतायत. उठला म्हणजे. चालतोय स्वयंपाकघरात. डबे उघडतोय. बेसनाचे लाडू वरच्या फडताळात आहेत, त्याला सापडायचे नाहीत, लहानपणापासून समोरचं दिसत नाही—

आता फक्त खोड राहिलं. जाड आहे. कात्री दोन्ही हातांनी दाबावी लागेल, हात एकच. गुडघ्यात धरून

तो जिन्याच्या तोंडाशी आलाय. आई, खाली काय करतेस, भूक लागलीय, म्हणतोय. खाली येऊ नको म्हटलं. आवाज निघाला की नाही कोण जाणे. त्या मूठभर मातीवरून यायला लागेल त्याला, ती पायरीपाशीच राहिली, झाडायला हवी होती, आधी झाडायला

उल्हास, तिथंच थांब, ओलांडू न