बावीस मिनिटांची मालकी

मी धर्मपाल सुखदेव तायडे, वय ७१, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त तंत्रज्ञ, मूळचा अकोल्याचा, हल्ली राहणार अमरावती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तरी मी ऐकला नसता, हे घरचे सांगतील.

१. राहते घर पत्नी इंदूबाई हिच्या हयातीत तिचे. तिच्यानंतर मुलगा अश्विन व मुलगी पायल यांना निम्मे-निम्मे.

२. सिंथेसायझर, टेपरेकॉर्डर आणि तरुणपणी मला नादी लावणाऱ्या जर्मन रॉकच्या अकरा कॅसेट पायलला. स्कूटर अश्विनला. अश्विन, याच सिंथेसायझरवर केलेल्या माझ्या अल्बमला ढोलकी जोडून त्याचे तीन-तीन मिनिटांचे तुकडे करायचे तुझ्या डोक्यात आहे. तुझ्यावर जीव आहे, तुझ्या कानांवर भरवसा नाही.

३. हार्मोनियम मित्र खुशालराव यांना. अल्बम ऐकून त्यांनी भर लग्नात विचारले होते, "धर्मपाल, कूलरची मोटर जळून राहिली काय?" मी विसरलेलो नाही. तरी पेटी त्यांनाच, कारण त्यांच्यासारखी ती मला कधी वाजवता आली नाही. पेटी मिळणार म्हणून त्यांना साक्षीदार करता आले नाही, त्यावरून ते रुसले आहेत.

४. आता मुख्य बाब. 'पंचेचाळीस अंश' हा माझा एकुलता एक अल्बम. त्यात गाणे नाही, ठेका नाही, नुसता लांबत जाणारा सूर. त्याचा बावीस मिनिटांचा दुसरा भाग परदेशातले लोकही वाखाणतात. त्यात सूर हळूहळू विरतो आणि पुन्हा भरून येतो. मुलाखतींत मी त्याला 'वऱ्हाडातल्या दुपारचा श्वास' म्हणत आलो. ही शुद्ध थाप आहे. मे महिन्यातल्या दुपारी सूर लावून, रेकॉर्डिंग चालू ठेवून मी आडवा झालो आणि मला गाढ झोप लागली. शेजारी पायलची तान्ही मुलगी निजली होती, म्हणून इंदूने सिंथेसायझरच्या आवाजाचे बटण कमी केले. मग तिला मजा वाटली आणि ती ते कमीजास्त करत बसली. मला जाग आली तेव्हा तिचा हात बटणावरच होता. ते पाहूनही मी चौदा वर्षे गप्प राहिलो. याची मला लाज वाटते.

सबब, अल्बमचे सर्व हक्क इंदूबाई हिला. दुसऱ्या भागाची कलाकार म्हणून यापुढे तिचेच नाव छापावे. काटछाट करू द्यायची की नाही, तेही तिनेच ठरवावे.

५. हे कलम काल तिला वाचून दाखवले. मी विचारले, "तुले सारं माईत होतं, मंग इतके वर्सं बोलली काहून नाही?"

ती मेथी निवडत होती. म्हणाली, "माह्या हातचं काही तुमी पयल्यांदाच इतकं कान देऊन ऐकून राहिले होते. मधात कायले बोलू?"

वकिलांच्या मते हे कलम मृत्युपत्रात बसत नाही. ते काढू नये.

वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

धर्मपाल सुखदेव तायडे

साक्षीदार:
१. हर्षा गवई, शेजारीण (सही)
२. शाकीब अहमद, एक्स्चेंजमधील जुने सहकारी (सही)

अमरावती, १४ जून २०२५