मागच्या खोलीत कोण झोपतं

सोमवार, ११ मार्च २०१३

म्हणे आमच्या घरात झोपायची एक खोली जास्त आहे! कौन्सिलचं, म्हणजे आमच्या नगरपालिकेचं पत्र. एप्रिलपासून भाड्याची मदत आठवड्याला अकरा पौंडांनी कापणार. का, तर नवरा-बायकोला एकच खोली पुरते. हे ज्याने ठरवलं त्याने एक रात्र माझ्या नवऱ्याशेजारी काढावी, मग बोलावं.

सिमेंटच्या धुळीने छाती भरली म्हणून कारखान्याने ट्रेव्हरला घरी बसवलं, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तो मागच्या खोलीत, पाठीशी चार उशा लावून, अर्धा बसून झोपतो. आणि घोरतो असा की खिडकीची काच थरथरते. पत्र वाचून दाखवलं तर म्हणतो, "मग मी काय बाथरूममध्ये झोपू?" म्हटलं, हळू बोल, तिथलंही भाडं लावतील.

बुधवार, १३ मार्च

अकरा पौंड आणायचे कुठून? शाळेच्या स्वयंपाकघरात माझे तास आधीच कमी केलेत. भाडं थकलं की घर जाणार. एकतीस वर्षांचं घर! मग एका खोलीचा फ्लॅट, आणि त्या एका खोलीत मी, ट्रेव्हर आणि ते घोरणं. नुसत्या विचारानेच डोकं उठलं.

शेजारच्या नोरीनलाही तसंच पत्र आलंय. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, एकटीच असते. पण बाई बिनधास्त! "मी कळवून टाकलं, माझा भाऊ डेरिक माझ्याकडे राहतो." डेरिक राहतो ब्रिडलिंग्टनला, बायकोजवळ!

"अगं, पकडली गेलीस तर?"

"कशी पकडतील? दारात त्याचे बूट ठेवलेत की."

बूट जुन्या वस्तूंच्या दुकानातले. एक नऊ नंबरचा, एक अकरा नंबरचा.

मंगळवार, २ एप्रिल

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली — ट्रेव्हरला स्वतंत्र खोलीची गरज आहे. कौन्सिलवाले म्हणतात, माणूस पाठवून खात्री करू. सोळा तारखेला.

नोरीनला यातलं काही बोलले नाही. आम्ही वेगळे झोपतो हे गल्लीत कुणाला म्हणजे कुणाला माहीत नाही. आई म्हणायची, पडदे धुतलेले असले की लोक घरातलं विचारत नाहीत. आमच्याकडे बॉयलरवाला जरी वर जाणार असला, तरी मी आधी धावत जाते, ट्रेव्हरची उशी माझ्या उशीशेजारी ठेवते, मागची खोली आवरते. लोकांना जीभ हलवायला काय लागतं?

मंगळवार, १६ एप्रिल

मी गाढव आहे. गाढव!

प्लंकेट नावाचा तरुण आला. गोड, नम्र. मी पहाटेपासून घर घासत होते. साहेब येणार म्हटल्यावर हात आपोआप चालतात, डोकं लागतच नाही. तो वर गेला, मी मागोमाग. आणि दारातून बघते तर काय! मोठ्या पलंगावर दोन उशा, शेजारी शेजारी. ट्रेव्हरचा पायजमा घडी घालून ठेवलेला. खाली दोघांच्या सपाता. आणि मागच्या खोलीत पलंगावर लेसची चादर, खिडकीत फुलं! जसं काही तिथे वर्षानुवर्षं कुणी पाठ टेकली नाही.

"किती छान ठेवलंय हो घर!" तो म्हणाला.

तेव्हा तरी खरं सांगायचं ना? मी म्हटलं "थँक यू", आणि त्याला केकचा दुसरा तुकडा वाढला.

तो गेल्यावर ट्रेव्हर वरून ओरडला, "अगं, माझ्या उशा कुठायत?"

बुधवार, ८ मे

पत्र आलं. "दांपत्य एकाच शय्येवर झोपत असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळले." ट्रेव्हरने तीनदा वाचलं. म्हणाला, "अकरा वर्षांत एवढी चांगली बातमी नव्हती आली." मला हसूही आलं आणि उशी फेकून मारावीशीही वाटली.

अपील करणार.

शनिवार, २० जुलै

साक्षीदार पाहिजे. सल्ला केंद्रातली बाई म्हणाली, बाहेरच्या कुणीतरी सांगायला हवं. म्हणजे नोरीन. लाज गिळली, मागच्या पायरीवर तिच्याजवळ जाऊन बसले.

"नोरीन, म्हणजे ट्रेव्हर आणि मी… आम्ही जरा…"

"वेगळे झोपता. त्याचं काय?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? त्याच्या भिंतीला माझा पलंग लागून आहे! अगं, दूधवाल्यालासुद्धा माहीत आहे."

अकरा वर्षं मी त्या उशा इकडून तिकडे नाचवल्या!

गुरुवार, १२ सप्टेंबर

सुनावणी झाली. 

नोरीन अंत्ययात्रेला घालते ती काळी टोपी घालून आली होती. झकास बोलली. घोरण्याची नक्कलसुद्धा करून दाखवली — आधी शिट्टी, मग करवत. न्यायाधीश बाईंनी तोंडावर हात धरला. मला वाटलं, जिंकलो!

तेवढ्यात कौन्सिलच्या माणसाने कागद चाळले. "बाई, तुमचा भाऊ तुमच्या घरी राहतो अशी नोंद आहे. मग तुम्ही ऐकता ते घोरणं त्याचंच नसेल कशावरून?"

 नोरीन पर्सचा पट्टा पिळत बसली. माझ्याकडे बघितलं. ट्रेव्हरकडे बघितलं — तो रुमालात खोकत होता. मला ओरडावंसं वाटलं, बोलू नकोस गं! नाही ओरडले. देवा, मी गप्प बसले.

"भाऊ नाही राहत, साहेब," ती म्हणाली. "मी एकटीच राहते. माझ्या घरात घोरायला दुसरं कुणी नाही."

त्याने ते लिहून घेतलं.

बसमध्ये तिघांची तिकिटं मी काढली. तीच म्हणाली, "ही टोपी भारी टोचते गं."

सोमवार, ३० सप्टेंबर

जिंकलो! खोली ट्रेव्हरची. कापलेले पैसेही परत मिळणार. तो म्हणतो, निकाल फ्रेम करून पलंगाच्या वर भिंतीला लावू.

केक घेऊन नोरीनकडे गेले. तिने मिठी मारली, चहा टाकला. तिचं पुढे काय, हे तीही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. भित्री कुठली मी.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

तिची मदत कापली, भाडं परवडेना; नोरीनचं सामान आज गेलं. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, बाराव्या मजल्यावर, एका खोलीत. मलाच म्हणाली, "रडतेस काय वेडे, लिफ्ट आहे तिथे."

खोटं बोलून घर टिकलं होतं तिचं. आमच्यासाठी खरं बोलली.