हशमत मियाँ तेराव्याला आले

प्रिय अण्णा,

आज तुमचा तेरावा झाला. पाहुणे गेले, भांडी घासून झाली, आणि मी तुमच्याच टेबलाशी बसून तुम्हाला लिहिते आहे. आईला हे सांगायची माझी छाती नाही आणि दुसऱ्या कुणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील. अण्णा, हशमत मियाँ जिवंत आहेत. आज ते आपल्या अंगणात जेवून गेले.

हो, तेच. तुम्ही दर चार रविवारांतून एकदा ज्यांना मारत होतात, ते.

तुम्ही फळ्याकडे वळलात, खडू उचललात आणि खाली बसलात ते बसलातच, त्यातूनच मी सावरले नव्हते. आता हे!

बिर्लानगरच्या शाळेतला तो आपला वर्ग. ग्वाल्हेरचं राज्य विलीन झालं, दरबारचं संगीत खातं बंद पडलं, गवई पांगले, आणि खात्यातले कारकून म्हणून तुम्ही दुसऱ्या कचेरीत गेलात. तेव्हापासून दर रविवारी दुपारी गिरणीतल्या लोकांना तुम्ही चिजांच्या गोष्टी सांगायला लागलात. चीज कुणी बांधली, तो कुणाकडे शिकला, कुणाशी भांडला. मी तंबोरा घेऊन म्हणायची आणि तुम्ही फळ्यावर बांधणाऱ्याचं नाव लिहायचात, मागच्या बाकावरूनही दिसेल एवढं मोठं. मजुरांना कशाला हव्यात घराण्याच्या गोष्टी, म्हणून दौलतगंजातले बुवा हसायचे. तुम्ही म्हणायचात, लाडू आवडला की आपण हलवायाचं नाव विचारतो, मग गाण्यानं काय घोडं मारलंय?

आणि हशमत मियाँची गोष्ट तर तुमची हुकमी. दरबारचे हे गवई राज्य गेलं तसे ग्वाल्हेर सोडून निघाले, वाटेत चंबळेच्या काठी तापानं गेले. त्यांच्या चिजेतल्या अंतऱ्याची शेवटची ओळ त्यांनी कुणालाच दिली नव्हती, ती त्यांच्याबरोबर गेली. 'म्हणून कुसुम इथेच थांबते,' असं तुम्ही म्हणायचात आणि मी थांबायची. बायका डोळे पुसायच्या. मीसुद्धा कितीदा रडले आहे. तुमच्या गोष्टींच्या पुस्तकातही तुम्ही ती तशीच लिहिलीत.

चंबळेचा काठ कुठून आणलात हो?

आज शेवटच्या पंगतीत एक म्हातारे गृहस्थ होते, गिरणीच्या फाटकावरचा खाकी कोट घातलेले. चेहरा ओळखीचा, आपल्या मागच्या बाकावरचा. हात धुऊन ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "बेटी, मास्टर साहब की किताब छप रही है ना? उसमें मेरी चीज़ अधूरी है."

"आपकी कौन सी?" मी विचारलं. त्यांनी चीज सांगितली आणि मग स्वतःचं नाव.

वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. तेवढ्यात त्यांनी डोळे मिटले, कानाच्या पाळीला हात लावून गुरूचं नाव घेतलं आणि अगदी हलक्या आवाजात अंतरा धरला. मी जिथे थांबते तिथे ते थांबले नाहीत. वर चढलेला सूर त्या ओळीवरून पायरी पायरीनं उतरून समेवर आला. इतकी वर्षं आपण तो वरच टांगून ठेवला होता, अण्णा. आतून आईचा आवाज आला, "कोण गातंय गं? आज तरी रहने दो."

मग सगळं निघालं. विलीनीकरणाच्या वेळी ते सहा महिने लेकीकडे धोलपूरला होते. परतले तर कचेरीत सांगितलं, गवयांच्या यादीत तुमच्या नावापुढे मयत लिहिलंय. ते भांडले नाहीत, गिरणीच्या फाटकावर नोकरी धरली. ते घरी गेल्यावर मी तुमच्या ट्रंकेतून त्या यादीची नक्कल काढली. 'मयत' तुमच्या अक्षरात आहे, तुमच्या लांब शेपटीच्या 'त'सकट.

कुणी सांगितलं होतं तुम्हाला? की हजेरीला आले नाहीत म्हणून तुम्हीच लिहून टाकलंत? त्यांचं घर खासगी बाजार मोहल्ल्यात, आपल्यापासून चालत दहा मिनिटं. तुम्ही त्यांना नुसतं नावानं ओळखत होतात, चेहऱ्यानं नाही; एकदा जाऊन बघायचं नाही का? मला तुमचा फार राग आला आहे, अण्णा, आणि हा राग घेऊन कुठे जावं ते कळत नाही.

मी त्यांना विचारलं, इतके रविवार समोर बसलात, एकदाही बोलला नाहीत? ते म्हणाले, "बोल देता तो मास्टर साहब शरम से क्लास बंद कर देते. फिर मेरी चीज़ कौन गाता?" मग हसले. "और मौत उन्होंने बड़ी अच्छी दी थी. फाटक पर मेरे लिए कौन रोता?"

सोमवारी हस्तलिखित छापखान्यात द्यायचं आहे. मी म्हटलं, तुमच्या मरणाची गोष्ट काढून टाकते. तर घाईघाईनं म्हणाले, "नहीं बेटी, क़िस्सा रहने दो, उनका लिखा है. बस वो एक लाइन जोड़ दो." स्वतःचं मरण चालतं त्यांना, अंतरा अर्धा चालत नाही.

ओळ मी तुमच्या अक्षराखाली लिहिली आहे. पण गोष्ट ठेवणार नाही. तुमच्या पुस्तकातलं सगळ्यात सुंदर पान आहे ते, आणि ते काढताना मला रडू येणार आहे, तरी काढणार. त्या जागी यादीचं खरं लिहीन, ती कुणी केली तेही. तुम्हाला हे आवडलं नसतं का? का तुम्हीच मला खडू दिला असता?

रविवारी वर्ग भरेल. हशमत मियाँ पुढच्या बाकावर बसायला तयार नव्हते. "लोग मुझे रो चुके हैं, अब क्या मुँह दिखाऊँ?" म्हणाले. शेवटी एका अटीवर कबूल झाले, की मास्टर साहबांना कुणी हसायचं नाही. मी शब्द दिला आहे, आणि तोच तुम्हालाही देते. फळ्यावर त्यांचं नाव तुमच्यासारखंच मोठं लिहीन, तंबोरा लावीन, चीज म्हणेन आणि नेहमीच्या जागी थांबेन.

पुढचं ते म्हणतील.

तुमच्यावर रागावलेली, तुमचीच,
कुसुम