समोरच्या ताईकडे, आयोवामार्गे

मिलफर्ड, नेब्रास्का
सोमवार, ६ ऑक्टोबर १९८६

ती. लुडमिलाताईस,

धाकट्या एमिलचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? (तुझे. माझ्यांचं विचारू नकोस.) ओटोकरदाजींचा खोकला अजून आहे, हे मला ठाऊक आहे. दक्षिणेचा वारा असला आणि मालट्रक जरा कमी असले, की तो हायवे ओलांडून इकडे ऐकू येतो. बावीस वर्षं तुमच्या घरची खुशाली मला त्या खोकल्यावरूनच कळते आहे.

परवा तुझा सत्तरावा वाढदिवस झाला. आमच्या हिने, ब्लांशने, सुक्या आलुबुखारांचं सारण भरून गोड कोलाचे भाजले, डबा माझ्या हातात कोंबला आणि ताईंना देऊन आल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, असं बजावलं. आता तुझं घर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं, पण गाडीने यायचं तर हायवेवर चढा, चार मैलांवर उतरा आणि उलटे मागे या. चढलो. उतरायची वाट आली तेव्हा उजव्या अंगाला डुकरांनी भरलेला ट्रक होता आणि तो काही मला सोडेना. पुढच्या वाटेला रस्ता मोकळा होता, पण मीच कच खाल्ली. (ताई काय बोलेल? आणि बोललीच नाही तर?) असं करता करता लिंकन गेलं, ओमाहा गेलं, मिसूरी नदीसुद्धा गेली आणि आयोवा राज्य आपलं स्वागत करत आहे, अशी पाटी आली. माझं कुणीतरी स्वागत केलेलं बरंच वाटलं.

तिथे एका खाणावळीत कॉफी घेतली. वाढणाऱ्या बाईने कुठे निघालात म्हणून विचारलं. मी म्हटलं, बहिणीकडे, नेब्रास्कात. आलात कुठून? नेब्रास्कातूनच. बहीण राहते कुठे? रस्त्याच्या पलीकडे. तिने कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"अहो काका, मग रस्ता ओलांडायचा ना, राज्य कशाला ओलांडलंत?"

भिंतीवर आपल्या हायवेचा नकाशा होता. न्यूयॉर्कशेजारी न्यू जर्सीत सुरू होतो तो पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा करत आपल्याकडे येतो आणि पुढे वायोमिंग, युटा, नेव्हाडा तुडवत सॅन फ्रान्सिस्कोला समुद्र गाठतो. अकरा राज्यं! आपल्या राज्यात तर आधी पश्चिमेला निघालेल्यांच्या बैलगाड्या, मग रेल्वे, मग हा, सगळे प्लॅट नदीचंच बोट धरून गेले. ते बघता बघता मला चौसष्ट साली हायवेच्या आखणीसाठी ठोकलेल्या खुंट्या आठवल्या. मोजणीदार जेवायला गेले असताना तू मला त्या उपटताना पाहिलंस. खरं आहे, ताई. माझं तळं वाचावं म्हणून मी त्या चाळीस पावलं तुझ्या बागेत सरकवल्या. पण दुसऱ्या दिवशी मोजणीदार हसले आणि त्यांनी खुंट्या होत्या तिथेच परत ठोकल्या. अकरा राज्यांतून जाणारा रस्ता एमिलला काय भीक घालणार? माझं तळंही गेलं, तुझ्या बागेतली आईने लावलेली आलुबुखाराची झाडंही गेली. झाडं माझ्यामुळे गेली नाहीत, हे तुला तेव्हाच सांगितलं असतं, पण मग खुंट्या सरकवल्याचंही कबूल करावं लागलं असतं. लाज वाटली. अजून वाटते.

दाजींना नमस्कार. खोकल्यावर मध घ्यावा.

तुझा,
एमिल

ता. क. मुख्य काम राहिलंच. कोलाचे आयोवात संपले. ब्लांश पुन्हा भाजते आहे. सरकारने आपल्या गुरांसाठी रस्त्याखालून बोगदा ठेवला आहे, त्यातून रविवारी दुपारी येईन म्हणतो. तुझ्या बाजूच्या फाटकाचं कुलूप तेवढं काढून ठेवशील का?

ता. क. २. टपालाने पत्र लिंकनला जाऊन येणार, म्हणून स्वतःच बोगद्यातून तुझ्या फाटकात खोचायला आलो आहे. पेन्सिलने लिहितोय. ताई, तुझ्या फाटकाला कुलूप नाहीच. नुसती कडी आहे आणि तिला तेल घातलेलं आहे. कुलूप होतं ते फक्त माझ्या बाजूला, मीच लावलेलं. किल्ली सापडेना, शेवटी करवतीने कापलं. कागदावरचे डाग त्या गंजाचे आहेत, असंच समज.